पांघरुणाचं वजन

काचेचे ते मणी मोहरीहूनही बारीक होते आणि कप्प्यात ओतले की पाण्यासारखे वागत. कापड जरा तिरकं झालं की सगळे खालच्या कडेला गोळा होत, आडवं धरलं की पसरत. म्हणून कप्पे लहान ठेवायचे, तळहाताएवढे, प्रत्येकात सारखेच मणी घालायचे आणि तोंड शिवून टाकायचं. मग वजन एका जागी साठत नाही, अंगावर सगळीकडे सारखं बसतं. मणी तोलून देण्याचं काम वन्संकडे होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं: काटा शून्यावर आणायचा आणि हात हलू द्यायचा नाही.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. पण दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या या लांबट खोलीत त्यांना आणलं होतं त्यांच्या वहिनीने, आणि वहिनी ज्या नावाने हाक मारतील तेच नाव इथे चालायचं. सत्तरी उलटलेले शिंपीमास्तरही त्यांना वन्संच म्हणत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

खोलीत जड पांघरुणं शिवली जात. आगीतून, अपघातातून, मारहाणीतून वाचलेल्या आणि झोप उडालेल्या माणसांसाठी. अंगावर सारखा भार असला की कुणी तरी जवळ बसून हात ठेवल्यासारखं वाटतं, असं ती घेऊन जाणारी माणसं सांगत. वहिनी त्यावर इतक्या खूश असत, की जणू ती झोप त्यांनी स्वतः दळून आणली होती.

त्या सोमवारी मोठ्या इस्पितळातली समुपदेशक मुलगी धापा टाकत जिना चढून आली. नदीपलीकडची इमारत कोसळली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं तिच्या वॉर्डात होती. दिवे मालवू देत नाहीत, डोळे मिटत नाहीत, असं ती म्हणाली. जितकी पांघरुणं होतील तितकी हवी होती.

"होतील म्हणजे काय? झालीच समज," वहिनी म्हणाल्या. "शुक्रवारी ये न्यायला."

ती गेल्यावर त्यांनी पदर खोचला. "मास्तर, या आठवड्यात चहा दोनदाच."

"मग शिलाईही दोनदाच," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "आणि तुम्ही हातशिलाईला बसू नका बरं का. तुमचे टाके पाहिले की मला बेडूक उड्या मारताना दिसतात."

"बेडूक तर बेडूक, टिकतात ना? वन्सं, तुम्ही ऐका. या वेळी मणी सढळ हाताने घाला. केवढ्या संकटातून आलीत बिचारी. नेहमीपेक्षा चांगलं दीडपट वजन होऊ दे."

वन्संनी मान डोलावली आणि काटा शून्यावर आणला. पण चमचा डब्यातच राहिला.

प्रयोगशाळेचं छत खाली आलं तेव्हा त्या कपाटाशी वाकून बाटल्या लावत होत्या. इथल्या लोकांना एवढंच माहीत होतं की वन्संना अपघात झाला होता, बरगड्या मोडल्या होत्या. छातीवर भार असतो आणि तो भार कुणाचंच ऐकत नाही, श्वास घ्यायचा तर आधी त्याची परवानगी लागते, हे त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. समुपदेशक मुलगी कितीदा तरी म्हणाली होती, वॉर्डात या, नुसत्या बसा, तुमच्यासारखं माणूस पाहिलं की त्यांना बरं वाटेल. वन्सं दर वेळी म्हणत, बघू. ते बघू आता इतकं जुनं झालं होतं की त्यावर धूळ बसली होती.

आणि वहिनी. इस्पितळातून सुटल्यावर दादाने त्यांना स्वतःच्या घरी आणलं, तेव्हा वहिनींनी मोठ्या हौसेने स्वतः शिवलेलं जड पांघरूण त्यांच्या अंगावर घातलं होतं. वन्सं म्हणाल्या, छान आहे. सकाळी ते जमिनीवर पडलेलं होतं आणि वन्सं खुर्चीत बसून होत्या. वहिनींनी एक शब्द विचारला नाही. दोन दिवसांनी तेच पांघरूण घडी होऊन पलंगावर आलं. उचललं तर पंच्यासारखं हलकं. वहिनींनी एकेक कप्पा उसवून मणी काढले होते आणि तोंडं पुन्हा आपल्या वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवली होती. ते टाके बोटांनी चाचपत वन्सं कित्येकदा झोपी गेल्या. पण आभार मानायचे तर कशाचे ते आधी सांगावं लागतं, आणि तिथेच घोडं अडायचं.

शुक्रवारपर्यंत पांघरुणांची चळत मास्तरांच्या खांद्याला लागली. वन्संनी मणी तोलून दिले होते, नेहमीपेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. वहिनींनी एक उचलून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे दीडपट? वन्सं, मण्यांचा डबा काय तुमच्या माहेरचा आहे, इतका जीव लावून बसलात ते?"

"माझं माहेर म्हणजे तुमचं सासर, वहिनी. तिथली काटकसर तुम्हाला माहीतच आहे," वन्सं म्हणाल्या. मास्तर हसले. तेवढ्यात समुपदेशक मुलगी दारात आली, हमालाला घेऊनच. पांघरुणं आता जाणार होती. आज संध्याकाळी ती त्या माणसांच्या अंगावर पडणार होती, आणि ती माणसं म्हणणार होती, छान आहे.

"थांबा जरा," वन्सं म्हणाल्या.

सगळे थांबले, कारण वन्सं असं कधी म्हणत नसत.

"वहिनी, तेव्हा माझ्या बरगड्या दुखत नव्हत्या."

"कधी?"

"तुम्ही पांघरुणातले मणी काढलेत तेव्हा. बरगड्यांना काही होत नव्हतं. मला वाटलं, छत पुन्हा अंगावर आलंय." त्यांनी काट्याच्या तबकडीवर हात ठेवला. "ढिगाऱ्याखाली राहिलेल्या माणसाला भार नको असतो. निदान मला नको होता. तुम्ही न विचारता हलका केलात, म्हणून मी झोपले. हे मी तुम्हाला कधीच सांगायला हवं होतं."

वहिनी हळूच स्टुलावर बसल्या. "मी तर चार लोकांत सांगत फिरले, आमच्या वन्संच्या बरगड्या नाजूक म्हणून." मग त्यांना काही आठवलं. "आणि हिवाळाभर मी ते तेल चोळत होते, ते?"

"तेल चांगलं होतं."

"चांगलं होतं म्हणे," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. मास्तरांनी तोंड फिरवून उगाच मशीनचं चाक फिरवलं.

"म्हणजे ही सगळी उसवायची?" मग ते म्हणाले.

"सगळी नाही," समुपदेशक मुलगी म्हणाली. "काहींना भार आवडेलही. एकेकाला विचारावं लागेल. पण मी विचारलं की सगळे एकच सांगतात. चालेल. जेवण चालेल, खाट चालेल, सगळं चालेल. वाचवणाऱ्या माणसांना नको कसं म्हणायचं, असं होतं त्यांना." तिने वन्संकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

वहिनींनी ते टिपलं. "हे बघ बाळ, वन्संना यात ओढायचं नाही. त्यांनी आज सांगितलं हेच खूप झालं. आम्ही निम्मी हलकी करून देतो. कुणाला कोणतं ते तुमचं तुम्ही बघा."

केवढा आडोसा धरला होता या बाईने, वन्संच्या मनात आलं. दारावर बेल वाजली की आधी स्वतः उठायच्या, कुणी त्या दिवसाबद्दल विचारलं की बोलणं भाजीच्या भावावर न्यायच्या. त्या आडोशामागे वन्सं पुन्हा माणसात आल्या होत्या. तो कसला आडोसा आहे हे ठाऊक नसतानाही वहिनींनी हात खाली घेतला नव्हता. आणि तिकडे वॉर्डात कुणी तरी पांघरुणाखाली जागं पडून चालेल म्हणणार होतं.

वन्संनी काटा बंद केला आणि खुर्चीवरची पिशवी खांद्याला लावली.

"वहिनी, तुम्ही उसवायला घ्या," त्या म्हणाल्या. "मी हिच्याबरोबर वॉर्डात जाते. मी विचारते त्यांना."