कठड्यापाशी

"पाय थांबवू नको. बोट चुकलं तर चुकू दे, पण पाय थांबला की सूरच मरतो," एस्तरबाई म्हणाल्या.

शिवकन्येनं मान डोलावली आणि तिसरं कडवं पुन्हा धरलं. शनिवारची दुपार होती. गेवराईच्या त्या लहानशा लुथरन चर्चमध्ये या दोघींशिवाय कुणी नव्हतं. वरचे पत्रे तापले होते आणि पंखा बंद होता, कारण पंखा लावला की गीताची पानं उडतात. चर्चच्या कागदपत्रांत जिला ऑर्गन म्हणतात, ती खरं तर जुनी पायपेटी. पायांनी भाता हलवत राहायचं आणि हातांनी वाजवायचं. गेली चाळीस वर्षं ते काम एस्तरबाई साळवे करत होत्या. स्वतःच्या लग्नातलं पहिलं गीतसुद्धा त्यांनीच वाजवलं होतं, शालू सावरत. ते संपवून मग त्या उठल्या आणि नवऱ्यामुलाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. चर्चमध्ये नवऱ्याच्या शेजारी असण्याचा तेवढाच काय तो प्रसंग.

कारण या चर्चमध्ये पुरुष डावीकडे बसतात आणि बायका उजवीकडे. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेताना, नवरा-बायको आपापल्या बाकांवरून उठून मधल्या वाटेवर भेटतात आणि जोडीनं वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात. घरात आठ दिवस अबोला असला तरी त्या दिवशी खांद्याला खांदा लावून टेकावंच लागतं. एस्तरबाईंना मात्र तेव्हा वाजवायचं असे. सगळ्यांचं झालं की शेवटी चर्चचे पाळक भाकर आणि प्याला घेऊन ऑर्गनपाशी येत, आणि त्या बसल्या जागी, एकट्याच, घेत. मंडळीकडे त्यांची कायम पाठ. पाठीमागून जोड्याजोड्यांनी पावलं पुढे जात, आणि मधेच एकट्या बुटांचा आवाज येई. ते बूट तानाजीरावांचे. एसटीत कंडक्टर असताना पहिल्या रविवारची ड्यूटी ते हाता-पाया पडून बदलून घेत, पण कठड्यापाशी जात ते एकटेच.

एकदा तरी त्यांच्या शेजारी टेकावं, एवढीच एस्तरबाईंची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. घरच्या पियानोवर त्यांनी शंभरावर मुलामुलींना शिकवलं, आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची बोटं पाहून त्यांच्या मनात एकच हिशेब चाले, की हा निदान एक रविवार तरी सांभाळील का. पण बोटं जरा वळणावर आली की कुणाच्या बापाची बदली व्हायची, नाहीतर कुणाचं लग्न ठरायचं. चाळीस वर्षं अशीच गेली.

शिवकन्या तेवढी टिकली. उमापूरच्या धनगराची लेक, आता सरकारी दवाखान्यात नर्स, नऊ वर्षं शिकत होती. आणि आता थांबायला वेळही नव्हता. तानाजीरावांच्या हृदयाचं ऑपरेशन मंगळवारी संभाजीनगरला व्हायचं होतं. वय चौऱ्याहत्तर, त्यात साखर. डॉक्टर फार काही बोलले नव्हते आणि एस्तरबाईंनी विचारलंही नव्हतं. उद्या महिन्याचा पहिला रविवार होता, आणि उद्या शिवकन्येनंच वाजवायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

चर्चच्या कमिटीतले तात्याबा मात्र चर्चच्या दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, ती पोरगी आपल्यातली न्हाई. प्रभुभोजनाला ती वाजवणार?"

"मी तिला भाकर घ्यायला न्हाई सांगत, तात्याबा. पेटी वाजवायला सांगते."

"तसं न्हाई, पर..."

"पर काय? चाळीस वर्षांत मी एक तरी रविवार रजा मागितली का?"

तात्याबांनी टोपी नीट केली आणि निघून गेले. कमिटीचा होकार बहुधा असाच असतो.

संध्याकाळी तानाजीराव ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. एस्तरबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. हे कसं सांगावं, याची तयारी त्यांनी दुपारपासून केली होती.

"उद्या मी तुमच्यासंगं येणार हाय."

"कुठं?"

"कठड्यापाशी. प्रभुभोजनाला."

ब्रश थांबला. "मग वाजवणार कोण?"

"शिवकन्या."

"लई जोरात वाजवती ती," तानाजीराव म्हणाले. मग "बरं," एवढंच म्हणून त्यांनी दुसरा बूट उचलला.

एस्तरबाई आत गेल्या आणि उगाच डबे पुसत बसल्या. चाळीस वर्षं मनात धरलेली गोष्ट, आणि हा माणूस म्हणतो बरं. त्यांना राग आला आणि रडूही आलं.

रविवारी शिवकन्या थेट रात्रपाळीवरून आली. तिचे डोळे चुरचुरत होते, पण बोटं हलकी होती. प्रभुभोजनाचं गीत तिनं सुरू केलं आणि एस्तरबाई पहिल्यांदाच बायकांच्या बाकावरून उठल्या. मधल्या वाटेवर तानाजीराव आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही अवघडले. नवऱ्याच्या उजवीकडे टेकायचं की डावीकडे, हेही बाईंना माहीत नव्हतं. पुढच्या जोडीचं पाहून त्या डावीकडे टेकल्या. त्यांच्या पलीकडे विधवा बायनाबाई होती. तानाजीरावांनी कठडा धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि त्यांचा खांदा एस्तरबाईंच्या खांद्याला लागला.

पाळक बायनाबाईकडून पुढे आले. भाकर तळहातावर पडली तशी एस्तरबाईंनी तोंडात टाकली. डोळे भरून आले आणि ते पुसावेत असंही त्यांना वाटलं नाही. उशिरा का होईना, मिळालं. मग त्यांनी शेजारी पाहिलं. पाळक पुढे सरकले होते आणि तानाजीरावांची मूठ मिटलेली होती.

"खात का न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं. छातीत दुखतंय की काय, हेच आधी मनात आलं.

"थांब जरा." तानाजीरावांचा कान ऑर्गनकडे होता. "अजून तुझा हात सुटला न्हाई."

"माझा?"

तानाजीराव चपापले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग ऑर्गनवर बसलेल्या शिवकन्येकडे, आणि पार ओशाळून गेले.

एस्तरबाईंना समजायला थोडा वेळ लागला. पाळक भाकर घेऊन ऑर्गनपाशी आले की त्या डावा हात काढून पुढे करत. तेवढा वेळ गीत एका हातावर चाले आणि बारीक होई. हे कुणाच्या कानावर येत असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आज शिवकन्या दोन्ही हातांनी वाजवत होती. तिला हात काढायचं काही कारण नव्हतं.

"तू घेतली की मी खातो," तानाजीराव खाली बघत म्हणाले. "मूठ झाकून बाकावर जातो अन् बसतो. एक हात सुटला की कळतं."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

बायनाबाईला राहवलं नाही. ती कुजबुजली, "सगळ्यांला म्हाईत हाय बाई. तुमची पाठ असती ना इकडं."

एस्तरबाईंच्या जिभेवर भाकरीची चव अजून होती. दर महिन्याला हा माणूस मूठ मिटून त्यांच्यासाठी थांबला होता, आणि एकदाच शेजारी टेकायला मिळालं तर त्या क्षणभरही थांबल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"माझं खाऊन झालं," त्या म्हणाल्या. "मी थांबले न्हाई."

"असू दे. झालं ना तुझं?" तानाजीरावांनी मूठ उघडली. भाकर घामानं ओली झाली होती. ती त्यांनी तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिले.

शिवकन्येनं चौथं कडवं सुरू केलं. लहान प्याल्यांचं तबक बायनाबाईकडून पुढे आलं. एस्तरबाईंनी आपला प्याला उचलला आणि तसाच हातात धरला. पाळक क्षणभर त्यांच्यासमोर उभे राहिले, मग पुढे सरकले. तानाजीरावांनी प्याला घेतला. तो ओठांपर्यंत पोचेपर्यंत एस्तरबाई थांबून राहिल्या.