स्वयंपाकघरातली भेट, विषय बांगडा

नोरीनची आई गेली, त्या दिवशी फिंटनने काळा कोट चढवला आणि ठरवलं, आज बोलायचंच. शाळेपासून मनात साठलेलं होतं. मधल्या काळात नोरीन डब्लिनला जाऊन मासेमारी खात्याची मंत्री झाली, लग्न करून विधवा झाली, आणि हा किलीबेग्स बंदरातल्या मच्छीमार संघाच्या वतीने सरकारदरबारी खेटे घालत राहिला. संघाच्या कामात पक्का, पण स्वतःच्या कामात गडी कायमचा कच्चा.

अंत्यदर्शनाला घर दारापर्यंत भरलं होतं. शवपेटी दिवाणखान्यात, सँडविचची ताटं हातोहात फिरत होती. स्वयंपाकघर तेवढं रिकामं. तिथे नोरीन एकटी किटली भरत होती.

"आलास, फिंटन?" ती म्हणाली आणि हात पुसून उभी राहिली.

फिंटनने टोपी काढली. तोंडातून निघालं ते भलतंच. "बांगडा पकडायचा कोटा यंदा तरी वाढवून माग गं ब्रसेल्सच्या युरोपवाल्यांकडे. बोटी नुसत्या बांधून पडल्यात."

तिने किटलीचं झाकण खाडकन लावलं. मग किटली उचलून बाहेर गेली.

गाडीत बसल्यावर फिंटनने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग दुसरंच संकट ध्यानात आलं. संघाच्या माणसाने मंत्र्यापाशी कोट्याचा विषय काढला की तो सरकारच्या जाहीर नोंदीत टाकावा लागतो: कोणाला भेटलो, कुठे, काय पदरात पडावं म्हणून. कोणीही उघडून वाचावं. खाजगी बोलणं त्यातून सुटतं. म्हणजे मनातलं बोलला असता तर काही लिहावं लागलं नसतं! दुसरा कोणी गप्प बसला असता. फिंटनने मुदत आली तशी इमानदारीत नोंद केली. स्थळ, मंत्र्यांच्या आईचं घर, अंत्यदर्शन. अपेक्षित फळ, बांगड्याचा वाढीव कोटा.

दोन दिवसांत नोरीनचा फोन.

"अरे दगडा! माझ्या ऑफिसातली पोरं हसून लोळतायत. आई पेटीत निजलेली, आणि तू मासे विकत होतास?"

"बोललो होतो ना. मग लपवू कसं?"

"आणि अपेक्षित फळ तेच होतं?"

खिडकीखाली धक्क्याला बांधलेल्या बोटी डोलत होत्या. इतकी वर्षं तिचा आवाज फोनवर यावा म्हणून तो झुरला होता. त्याने फोन कानाला घट्ट धरला.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय होतं?"

"ते नोंदीत बसत नाही, नोरीन."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"रविवारी आईला महिना होतोय, चर्चमध्ये मिस्सा आहे," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "ये. नंतर स्वयंपाकघरात मी एकटीच असेन. त्या दिवशीही सगळ्यांना मीच बाहेर काढलं होतं."