आठ दिवस लेन्स

एक दोरा. एका टोकाला फास, तो लेन्सच्या कड्यात अडकवायचा. दुसऱ्या टोकाला निळा मणी.

•

‘काठापासून काठापर्यंत अधिक रेखीव. हात हलला तरी चित्र हलणार नाही.’ चकचकीत माहितीपत्रक, पान दोन.

•

“श्वास सोडू की धरून ठेवू?”

“सोड. पण हळू.”

•

शर्टाचं वरून दुसरं बटण नाही.

•

एकशे एकेचाळीस पातळ कागद, पलीकडचं दिसणारे. प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेला एकच आकार : एका बाजूनं चेपलेलं वर्तुळ. सगळे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले तर रेघ एकच दिसते. जरा जाड, इतकंच.

•

“मॅडम म्हणाल्या, काकांना विचारा. काका हो म्हणाले तर घेऊ.” कंपनीवाल्यानं नवी लेन्स खोक्यातून काढून टेबलावर उभी केली. “आता तुमच्या हातात आहे बघा.”

“जुनीला काय झालंय?”

“काही नाही. पण तीच लेन्स, दुसरी आवृत्ती. वजन कमी, आवाज नाही. आणि आतली भिंगं हलत्या हाताला सावरून घेतात. वय झालं की हात...”

“माझा हात हलत नाही.”

“तुमचं नाही म्हणत हो मी! एक सर्वसाधारण गोष्ट सांगितली.” तो हसला. “आठ दिवस ठेवा. वापरा, पिळून काढा. पुढच्या गुरुवारी हा कागद भरून द्या. पसंत पडली तर जुनी मी बदल्यात घेऊन जाईन. नाही पडली तर नवी उचलेन. आपला काही आग्रह नाही.”

कागदावर चार रकाने होते. स्पष्टता. रंग. हाताळणी. आणि चौथा : जुन्या लेन्सच्या तुलनेत वस्तूच्या मापात फरक आढळला का? हो किंवा नाही.

इस्पितळाच्या त्वचाविभागात तो एकोणतीस वर्षं फोटो काढत होता. भाजलेले हात, न भरणाऱ्या जखमा, डाग, चट्टे, शिवणी. चेहऱ्यांचे फोटो क्वचित. विभागाच्या मुख्य डॉक्टर, म्हणजे मॅडम, धरून सगळे त्याला काका म्हणत, पेशंट फोटोवाले म्हणत. काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं : तीच जखम, तेच अंतर, तोच उजेड, पुन्हा पंधरा दिवसांनी. अंतर चुकू नये म्हणून त्यानं सुरुवातीलाच दोरा केला होता. मणी कातडीला टेकला की बटण दाबायचं. शेजारी मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे नंतर कुणी मापावरून वाद घालायला नको.

आणि एक नियम त्याला त्याच्या आधीच्या फोटोवाल्यानं घालून दिला होता. आपण फोटो काढायचा, निकाल सांगायचा नाही. कुणी विचारलं, बरं होतंय का हो, तर म्हणायचं : डॉक्टर सांगतील.

•

त्या गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको मशीनवर कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होती. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढताच ती बोलू शकायची. पस्तीस वर्षांचा सराव.

“बटण कुठं गेलं?”

“तुटलं असेल.”

“इकडे या.” तिनं शर्टाची पट्टी उजेडात धरली. “तुटलेलं नाही हे. कापलंय. तुटलं तर धागा कुसकरतो. हा बघा, कसा सरळ आहे.”

“कामाला लागलं.”

“शर्टाचं बटण? इस्पितळात बटणं संपली वाटतं!” तिनं डबा खडखडवला. त्यातून एक शोधलं. साधारण तसंच, पण तसंच नव्हतं. “काढू नका अंगातून. असंच लावते. हलू नका म्हणजे झालं.”

ती लावत असताना तो वर छताकडे पाहत राहिला.

•

तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्याखाली, एक तीळ होता. बारा वर्षांपूर्वी आधीच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं : आत्ता काही नाही. लक्ष ठेवा. वाढला, रंग बदलला, कडा फाटली तर लगेच या. त्यांनी तो विषय तिथंच संपवला. यानं संपवला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो परवानगी घेऊन कॅमेरा घरी आणायचा. ती खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरी बसायची. मणी टेकला की दर वेळी “गार आहे!” म्हणायची. सोमवारी तो विभागात जाऊन त्याच मापाची प्रत काढायचा, त्यावर पातळ कागद ठेवून कडा गिरवायचा आणि आधीच्या कागदांवर ठेवायचा. सोमवारी संध्याकाळी ती विचारायची, “काय म्हणतोय?” तो म्हणायचा, “आहे तसाच.” झालं. महिना मोकळा.

पट्टी तिनं कधी लावू दिली नाही. पहिल्याच वेळी ती त्याच्या हातातून काढून घेतली होती.

“जन्मभर लोकांची मापं घेतली मी. माझं कुणी घ्यायचं नाही.”

“अगं, कागदाची पट्टी आहे. टोचत नाही.”

“तुमच्या पेशंटना लावा. मी काय पेशंट आहे?”

तेव्हा पट्टी नाही. नुसता दोरा, मणी आणि तीच लेन्स. दोरा तोच, लेन्स तीच, तर तीळही तोच.

•

रविवारी कॅमेऱ्याला नवी लेन्स होती. आठ दिवसांतले तीन गेले होते आणि कातडीवर ती कशी चालते हे बघायचंच होतं. फोटो काढताना खरंच आवाज आला नाही. ती म्हणाली, “झाला? कळलंच नाही.”

सोमवारी त्यानं प्रत काढली. कडा गिरवली. एकशे बेचाळिसावा कागद बाकीच्यांवर ठेवला आणि गठ्ठा काचेवर धरला.

रेघा दोन दिसल्या.

दुसरी पहिलीच्या बाहेरून जात होती. नख कापल्यावर जेवढी चंद्रकोर पडते, तेवढी. एका बाजूलाच. त्यानं कागद सरकवून पाहिला. डावीकडे बसवला की उजवीकडे बाहेर यायचा.

•

“काय म्हणतोय?”

‘आहे तसाच’ हे शब्द त्यानं तोंडात तयार ठेवले होते. बसमध्ये दोनदा म्हणूनही पाहिले होते.

“जरा मोठा आलाय.”

मशीन थांबलं.

“लेन्समुळे,” तो म्हणाला. “या नव्या लेन्सा जवळची वस्तू किंचित मोठी दाखवतात. आतली भिंगं सरकतात ना. त्यामुळे.”

“अस्सं.”

“हो. तेच ठरवायचंय. घ्यायची का नाही.”

“मग जुनीनं काढा की एक.”

“ती कंपनीवाल्यानं नेलीय. तपासायला.”

कॅमेऱ्याची बॅग या आठवड्यात तो रोज घरी आणत होता; आत्ता ती तिच्या मशीनमागे खिळ्याला टांगलेली होती. तिनं पुन्हा मशीन चालू केलं. “घेऊ नका मग असली,” ती म्हणाली. “उगाच जिवाला घोर.”

•

मंगळवार. कागदाचे तीन रकाने भरले. स्पष्टता : उत्तम. रंग : खरा. हाताळणी : हलकी, बिनआवाजी. चौथ्यापाशी पेन थांबलं.

हो लिहिलं, तर नवी लेन्स परत जाईल. माप बदलणारी लेन्स विभागाला चालत नाही. सोमवारी घरी सांगितलं ते खरं ठरेल, निदान कागदावर तरी. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार सव्वीस दिवसांवर होता.

नाही लिहिलं, तर.

त्यानं पेनाला टोपण लावलं.

बाहेर वेल्डर बसला होता. सात आठवड्यांपूर्वी त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्यानं हात निळ्या कापडावर सवयीनं ठेवला, पट्टी स्वतःच सरळ केली.

“नवीन आहे का हो ही? लहान दिसतेय.”

“बघायला आणलीय.”

“घ्या, घ्या. आम्ही नवं मशीन घेतलं तेव्हा सगळे रडले होते. आता जुन्याला हात लावत नाही कुणी.” मणी टेकला. “फोटोवाले, एक सांगू? बायको म्हणते छान भरतंय. भाऊ म्हणतो छान भरतंय. नर्सबाई तर रोज म्हणतात. तुम्ही तेवढे काही बोलत नाही. म्हणून घरी जाताना मी तुमचं तोंड बघून जातो.”

“माझं तोंड?”

“हो. मागच्या खेपेला बरं होतं.”

त्यानं बटण दाबलं. एकदा, परत एकदा. “डॉक्टर सांगतील,” तो म्हणाला. वेल्डर हात खाली घेऊन बघत राहिला. स्वतःच्या हाताकडे नाही, याच्याकडे.

•

बुधवारी तो कामावरून आला तेव्हा मशीन झाकलेलं होतं. दिवसाउजेडी झाकलेलं मशीन त्यानं तिच्या तापातही पाहिलं नव्हतं. स्टूल खिडकीपाशी होतं. त्यावर ती.

“काढा एक,” ती म्हणाली.

“आज बुधवार आहे.”

“माहितेय. आणि पट्टी लावा.”

त्यानं खांद्यावरची बॅग उतरवली. पट्ट्यांची गुंडाळी कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला डोळे मिटूनही सापडायचं. आता सापडेना.

“कुठली लावताय?” तिनं मागे न वळता विचारलं. “जुनी का नवी? दोन्ही आहेत ना आत?”

गुंडाळी तळाच्या कप्प्यात निघाली.

“सोमवारी सकाळी झाडताना बॅग बाजूला ठेवली. एका लेन्सचं वजन नव्हतं ते. हाताला कळतं. तुम्ही सांगण्याच्या आधीच.”

“मग बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? तुम्ही म्हणालात लेन्स. म्हटलं, असू दे. आठ दिवस लेन्स.” तिनं उजवा हात वर नेला, मानेवरून मागे वाकवला. बोटं थेट तिळावर टेकली. बारा वर्षांत त्याला माहीत नव्हतं की तिचा हात तिथवर पोचतो. “महिनाभर खरखरीत लागतंय मला इथं. शिवण उसवायला आली की जशी लागते तशी.”

“मला सांगायचंस ना.”

“तुम्ही ‘आहे तसाच’ म्हणायचात ना. छान वाटायचं ऐकायला.”

त्यानं पट्टी चिकटवली. बोटानं दोनदा दाबली. मणी टेकवला. या खेपेस ती गार म्हणाली नाही.

“किती?” तिनं विचारलं.

“प्रत काढून...”

“पट्टी शेजारीच आहे. वाचता येत नाही का? सांगा.”

“नऊ.”

“होता किती?”

“सात असेल. सातच.”

“दोन म्हणजे बरंच झालं,” ती म्हणाली. “कंबरेला दोन मिलिमीटर कुणाला कळत नाही. इथं कळतं.” तिनं ब्लाउज खांद्यावर ओढला आणि मग उठून मशीनवरचं कापड काढलं, कारण ती पँट उद्या द्यायची होती.

•

गुरुवारी मॅडमनी तिची पाठ भिंगातून बराच वेळ पाहिली. “सोमवारी तीळ काढू. तपासायला पाठवू. मग बोलू,” त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, “काका, काढण्याआधीचा फोटो लागेल. तुम्हीच काढता का, का दुसऱ्या कुणाला...”

“मीच काढतो.”

त्यानं नोंदवहीत तिचा क्रमांक लिहिला. ती निळ्या कापडासमोर त्या स्टुलावर बसली ज्यावर एकोणतीस वर्षं सगळे बसत आले होते. तिनं टेप घरी ठेवला होता. गळा मोकळा दिसत होता.

“काय हो फोटोवाले,” ती पाठमोरी म्हणाली. दारातली नर्स हसली. “कसं दिसतंय?”

त्यानं दोरा ताणला. मणी टेकला. चिकटवलेली पट्टी किंचित तिरकी होती, ती त्यानं सरळ केली. नियमाचे दोन शब्द होते, तेही त्याला म्हणता आले नाहीत.

“श्वास सोड,” तो म्हणाला. “हळू.”

कंपनीवाला साडेचारला आला. कागद टेबलावर भरून ठेवलेला होता. चौथ्या रकान्यात ‘नाही’. जुनी लेन्स शेजारी, खोक्यात, दोरा सोडवून.

“वा! मला वाटलंच होतं,” कंपनीवाला म्हणाला. “पण खरं सांगा काका, मापात काहीच फरक नाही? कुठं तरी सुतभर?”

“नाही.”

•

आठ दिवस आधीच्या गुरुवारी, कंपनीवाला गेल्यावर आणि तो घरी जायला निघण्याआधी, त्यानं कात्रीनं आपल्या शर्टाचं दुसरं बटण कापून निळ्या कापडावर ठेवलं होतं, आणि त्याच दोऱ्यानं दोन्ही लेन्सनी त्याचा एकेक फोटो काढला होता. बटण दोन्ही फोटोंत सारखंच आलं होतं.