स्ट्रेचर आणि नव्वद पायऱ्या

मी एक जुने स्ट्रेचर आहे, मित्रांनो. दोन लांब लाकडी दांडे आणि मध्ये ताणलेले जाड खाकी कापड, एवढाच माझा संसार. एका सुताराने माझे दांडे रंधा मारून गुळगुळीत केले आणि त्याच्या बायकोने कापडाला दुहेरी शिवण घातली. "पोरांना उचलायचंय, शिवण उसवता कामा नये," असे ती म्हणाली होती.

टेकडीवरच्या एका शाळेत मी दाखल झाले. सुरुवातीला माझा मोठा मान होता. पाय मुरगळलेली, भोवळ आलेली मुले माझ्यावरूनच खाली जात. पुढे शाळेपर्यंत रस्ता झाला, गाड्या दारात येऊ लागल्या आणि मी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात फाटक्या गाद्यांखाली धूळ खात पडले.

तिथे रोज दोन गटांची भांडणे माझ्या कानांवर येत. एक मैदानवाले, दुसरे वाद्यवाले. शाळा सुटली की दोघांनाही तीच जागा हवी असे. मैदानवाल्यांचा म्होरक्या उंच उडी मारणारा, म्हणून त्याला टोळ म्हणत. वाद्यवाल्यांची पुढारी ड्रम वाजवणारी ठेंगणी मुलगी. तिची जीभ तिखट, म्हणून ती लवंगी. एकदा टोळने मारलेल्या चेंडूने तिच्या ड्रमचे कातडे फाटले. चुकून लागला, असे तो म्हणाला. तेव्हापासून दोन्ही गटांत बोलणेच बंद झाले.

एके दुपारी छताच्या तुळईत अडकलेला चेंडू काढायला टोळ वर चढला आणि धाडकन खाली पडला. नडगीचे हाड मोडले. खेळाच्या सरांनी मुलांच्या मदतीने फळ्या लावून पाय बांधला. पण रस्ता दुरुस्तीसाठी खणलेला, त्यामुळे रुग्णवाहिका टेकडीच्या पायथ्याशीच थांबणार होती. खाली नव्वद पायऱ्या. सरांचा एक हात आधीच गळ्यात बांधलेला. टोळचा एकच मित्र तिथे होता. बाकी सगळे वाद्यवाले.

वाद्यवाल्यांनी लवंगीकडे पाहिले. ती गाद्यांशी आली, मला ओढून बाहेर काढले आणि माझ्या शिवणीवर मूठ दाबून पाहिली.

"हे धरेल. चला," ती म्हणाली.

उतारावर मी सपाट राहावे म्हणून पुढच्या दोघांनी मला खांद्यावर घेतले: टोळचा मित्र आणि कर्णा वाजवणारा मुलगा. मागे लवंगी आणि बासरीवाला. लवंगी एकेक पायरी मोजत होती. चाळिसाव्या पायरीला मित्राचा घामाने भिजलेला हात सटकला आणि मी एका बाजूला कलले. कर्णेवाल्याने दुसऱ्या हाताने तो दांडा सावरला. मला खाली टेकवून त्याने आपला रुमाल मित्राच्या सोललेल्या तळहाताला बांधला.

टोळच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. घरी आई एकटी असते, ती घाबरेल, असे तो पुटपुटला. माझी आईही तशीच आहे, सर तिला नीट सांगतील, असे लवंगीने समजावले.

"मी रडलो हे कुणाला सांगू नकोस."

"कधी रडलास? मला नाही दिसलं."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तो चेंडू मी मुद्दाम मारला होता."

लवंगीने पुढच्या तीन पायऱ्या मोजल्या.

"माहीत होतं," ती म्हणाली. "आता हलू नकोस."

मित्रांनो, त्यानंतर भांडणे संपली असे नाही. व्यायामशाळेवरून आजही कुरबुर होते. पण टोळ कुबड्या घेऊन परतला, तेव्हा पहिल्याच दिवशी जमिनीवर बसून त्याने ड्रमचे नवे कातडे धरून ठेवले आणि लवंगीने एकेक स्क्रू आवळला. सरांनी मला उन्हात वाळवून भिंतीवर टांगले. आता दर महिन्याला ते मुलांना मला उचलण्याचा सराव देतात, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात.

माझे एवढेच मागणे आहे. माझ्या दांड्यांना वाळवी लागू देऊ नका, कापड कोरडे ठेवा. आणि उचलायला एक माणूस कमी पडला, तर जो जवळ उभा असेल त्याला हाक मारा. तो कोणाच्या गटातला, हे खाली पोहोचल्यावर विचारा. तोवर बहुधा विसरून जाल.