नारळ फुटेपर्यंत

दोन हजार पाच साली माझ्या भाचीला, सुलक्षणाला, बारावीत चांगले मार्क पडले. त्यामुळे मांडवगण फराट्यात घरात काळजीचं वातावरण होतं. इंजिनिअरिंगसाठी कॉलेजांची पसंती इंटरनेटवर नोंदवायची होती. तिनं ती आदल्या दिवशीच शिरूरला विक्रमच्या इंटरनेट कॅफेत बसून नोंदवली होती. पहिल्या नंबराला पुणे, शाखा कम्प्युटर. बदल करायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुभा होती, आणि मुभा असली की आमच्याकडं थोरले चुलते येतात.

हौसराव आप्पा म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन. "पुण्यात आपल्या वळखीचं कोण हाय? आपल्या वळखीच्या कॉलेजात घाल तिला," ते म्हणाले. त्या कॉलेजात कम्प्युटर नव्हता. म्हणजे शाखा नव्हती, आणि जाऊन आलेले सांगत की यंत्रही नव्हतं. सुलक्षणाचे वडील थोरल्या भावापुढे बोलत नसत. मी दौंडच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कॅफेत मला सोबत नेलं ते इंग्रजी वाचायला, मत द्यायला नव्हे.

विक्रमनं नवी यादी भरली. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. आप्पांनी हात वर केला.

"थांब. नारळ कुठाय?"

"आप्पा, हे बटण आहे. बोअर नाही," विक्रम म्हणाला.

"म्हनून नारळ नको व्हय? मोटर चालू करताना फोडतो, आन् ही तर घरातली पोर हाय."

मी स्टँडवरून नारळ आणला. तो उंबऱ्यावर फोडायचा ठरला, नाहीतर पाणी मशीनवर उडालं असतं. पण हातात नारळ आला की आप्पांना दोन शब्द बोलावेच लागतात. ते बोलू लागले. सोसायटीपासून सुरुवात झाली.

सुलक्षणानं पडद्याच्या तळाशी इंग्रजीत बारीक लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ काही न केल्यास आपोआप बाहेर काढले जाईल, असा तिचा अर्थ होता. मला वाचायलाच आणलं होतं. मी मनात वाचली.

"आप्पा, जरा टाईम..." विक्रम म्हणाला.

"मोठं मानूस बोलताना मधी बोलू न्हाई, विक्रम."

शेवटी भाषण संपलं. नारळ डोक्यावर गेला. तेवढ्यात सुलक्षणा म्हणाली, "पण आप्पा, सोसायटीच्या गोदामाला जागा कशी मिळवली तुम्ही? सगळं गाव आडवं आलं हुतं म्हणं?"

नारळ खाली आला.

"अगं, ती येगळीच गंमत हाय!"

गंमत संपली तेव्हा पाचला थोडाच वेळ होता. नारळ फुटला, बटण दाबलं. यंत्रानं पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारला.

"म्हंजी?"

"आप्पा, बराच वेळ आपण काही केलं नाही, म्हणून त्यानं बाहेर काढलं."

"काही केलं न्हाई? मग इतका वेळ बोलत कोन हुतं?"

इतकी वर्षं ते सोसायटीच्या खुर्चीत न हलता बसले होते, आणि त्यांना कुणी उठवलं नव्हतं. इथं एका यंत्रानं उठवलं. सुलक्षणानं पासवर्ड मुकाट्यानं पुन्हा टाकला. पण त्या वेळी महाराष्ट्रातले सगळे चुलते त्याच साईटवर असावेत. पडदा पांढरा तो पांढराच राहिला, आणि पाच वाजले. कालची यादी कायम झाली.

आप्पांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्याच हातावर ठेवला. "नारळ फुटलाय न्हवं? मग झालं ते चांगलंच झालं. जा पुन्याला."

आता ती पुण्यात बँकांच्या वेबसाईट बनवते. गिऱ्हाईकं तक्रार करतात, जरा उठून आलं की साईट बाहेर काढते, मुदत वाढवा म्हणून. ती वाढवत नाही. कुठल्याशा कचेरीत ज्या कुणी ती बारीक ओळ लिहिली, त्याचं नाव तिला माहीत नाही, मलाही नाही. देवापुढं हात जोडले की मी त्याचंही भलं मागतो.

पहिल्या पगारात तिनं आप्पांना शाल आणली. पाया पडून म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून मी हितवर आले."

"म्हंजी गोदामाचं पटलं तुला?"

"पटलं की. पुढचं राहिलं सांगायचं."

आप्पांनी शाल सावरली आणि सुरुवात केली. चहा दोनदा गार झाला. शेवटपर्यंत ती हलली नाही, आणि कुणी कुणाला बाहेर काढलं नाही.