रवळूचा हुद्दा

परशरामनं रवळूच्या नावापुढं इंग्रजीत ‘कुली’ लिहिलं, शाई टिपली आणि तो पुन्हा उठून खिडकीशी गेला. सकाळपासून त्याचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं.

बेळगावच्या छावणीतल्या त्या कचेरीत त्याच्यापुढं एक जपानी यादी पडली होती. मलायात कैदेत असताना कुठल्या शिपायाकडं काय काम होतं, याची. प्रत्येक हुद्द्याला इंग्रजी शब्द द्यायचा. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, पण जपान्यानं दिलेला अधिकार ज्यानं चालवला, तो पलटणीतून बडतर्फ, असं साहेबानं बजावलं होतं.

परशराम वडगावच्या विणकराघरचा. कैदेत दुभाष्याचं काम करता करता कामापुरती जपानी अक्षरं वाचायला शिकला होता. साहेबाला मात्र त्यानं सांगितलं होतं, कैदेतल्या पाट्या बघून बघून आलं. यादीत त्याचंही नाव होतं, पुढं स्वच्छ ‘दुभाष्या’. जपान्याचा दुभाष्या म्हटला की साहेब तोही अधिकारच धरणार, म्हणून तिथं त्यानं ‘स्वयंपाकी’ ठोकून दिलं होतं. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेतो?

रवळू नंदगडचा, शेतकऱ्याघरचा. त्याचा हुद्दा ‘हांचो’, म्हणजे दहा कैद्यांच्या टोळीचा म्होरक्या. तसं लिहिलं की त्याची नोकरी गेलीच. म्हणून कुली.

तेवढ्यात रवळूच अंगठा द्यायला आत आला.

“काय लिवलंस रं माझ्याम्होरं?”

“कुली. गुमान अंगठा दे.”

रवळूनं डावा कान पुढं केला. उजवा कैदेतच गेला होता.

“कुली!” परशराम ओरडला.

शाई लावलेला अंगठा कागदावर टेकलाच नाही.

“मी हांचो व्हतो.”

“त्येच लिवलं तर घरला बसशील, खुळ्या.”

“बसीन. सकाळच्या मोजनीत एक मानूस कमी भरला की थोबाडीत कुनाच्या बसायच्या? ह्यो कान कशानं गेला? धा जनं दिलती माझ्याकडं. मल्लाप्पाला तितंच पुरला. बाकीची नऊ घरला आनलीत. कुली आनतोय व्हय?”

परशरामला त्याचा संताप आला. इतका जीव टाकून वाचवावं आणि यानं असं करावं!

“साहेबाला ह्यातलं काय कळनार हाय?”

“न्हाय कळंना. तू खरं लिव.”

परशरामनं ‘कुली’ खोडलं आणि वर ‘दहा कैद्यांचा लीडर’ असं इंग्रजीत लिहिलं. वाचून दाखवलं. रवळूनं अंगठा दाबून दिला आणि बोट विजारीला पुसलं. दारापाशी तो थांबला.

“परशराम, तू मधी बोलायचास म्हनून धा फटक्यांचं पाच व्हायचं. न्हायतर ह्यो दुसरा कानबी गेला असता. तुझंबी लिवलंस न्हवं तसं?”

“व्हय,” परशराम म्हणाला.

रवळू गेला. परशरामनं यादीतली आपल्या नावाची ओळ काढली. आपण किती भित्रे आहोत हे रवळूला दिसलं नव्हतं, पण त्याचं त्याला दिसलं.

पट्टेवाला यमनाप्पा यादी न्यायला आला.

“झालं काय? साहेब वाट बघायल्यात.”

परशरामनं कागद हाताखाली दाबून धरला.

“जरा थांब, आण्णा. एका नावाम्होरं चुकलंय,” तो म्हणाला, आणि त्यानं टाक दौतीत बुडवला.