दगडाची मागची बाजू

“हे वाक्य खोडा,” रंगारी म्हणाला.

राष्ट्रीय पदभ्रमण मंडळाला पंचाहत्तर वर्षं होत होती. त्याच्या इतिहासाची कच्ची पानं घेऊन चिटणीस तीन जिने चढून आले होते, धापा टाकत. डोंगरवाटांवरच्या दगडांवर चाळीस वर्षं वाट दाखवणाऱ्या तांबड्या पट्ट्या ओढणाऱ्या या माणसाला मंडळात सगळे रंगारीच म्हणत.

वाक्य असं होतं : ‘शाळामास्तर स्वतःच्या निष्काळजीपणामुळे वाट चुकून कड्यावरून पडले.’

“काका, चौकशीत तसंच ठरलं होतं ना? आणि पान उलटा, मागे तुमचा फोटो आहे. खाली काय लिहिलंय बघा, ‘चाळीस वर्षांत एकही चूक नाही!’”

“चूक माझीच होती.”

बायकोने चहाचे कप आदळले. “झालं यांचं सुरू! वीस वर्षांनी कशाला उकरून काढताय?”

दगड दोन्ही बाजूंनी रंगवायचा असतो. एक पट्टी चढणाऱ्यासाठी, एक उतरणाऱ्यासाठी. हे रंगारी झोपेतही चुकला नसता. पण त्या दिवशी मुलगी तापाने फणफणली होती. फाट्यावरच्या दगडाची पुढची बाजू रंगवून तो घाईने खाली आला. मागची उद्या करू म्हणाला. संध्याकाळी धुक्यात मास्तर उतरले आणि पट्टी न दिसल्याने भलत्याच वाटेला लागले.

बातमी कळताच रंगारी डबा घेऊन वर धावला आणि मागच्या बाजूला पट्टी ओढून आला. चौकशीची माणसं पोचेपर्यंत रंग वाळला होता. त्यानेच पुढे होऊन त्यांना ती पट्टी दाखवली. लाज वाटली ती नंतर, आणि मग कायमचीच.

“मास्तरांच्या पत्नी अजून आहेत. त्या वाचतील हे,” तो म्हणाला.

“बघतो,” म्हणत चिटणिसांनी पानं पिशवीत कोंबली.

महिन्याभराने पुस्तक घरी आलं. वाक्य जसंच्या तसं होतं. रंगाऱ्याने माळ्यावरून जुना डबा काढला, घट्ट झालेला रंग ढवळला आणि त्या वाक्यावरून जाड पट्टी ओढली. मग सवयीने पान उलटलं. मागे त्याचा हसरा फोटो होता. त्यावरही ओढली.

“अहो, पुस्तक खराब केलंत! आणि निघालात कुठे?”

“मास्तरांच्या पत्नीकडे.”

“दार लावून घेतील त्या तोंडावर.”

“घेऊ देत.”

बायकोने त्याच्या चपला काढून दाराशी ठेवल्या. रंग अजून ओला होता, म्हणून तो पुस्तक उघडंच हातात धरून एकेक पायरी उतरू लागला.